दुसरं कार्ड

"ही दोन घेऊन जा, बाई. कुणी विचारलं तर सांगा, ढवळ्यानं फुकटात दिली," संदिपान म्हणाला आणि त्याने काचेच्या काउंटरवर दोन कार्डं ठेवली.

"फुकटात?" मुंजाजी सर म्हणाले. "मग आत्ता आकडा सांगितलास तो कशाचा? चहाचा?"

"सर, नव्या कार्डाचा भाव तुम्ही पुण्याला फोन करून विचारलात ना? त्याच्यापुढं हे फुकटच की."

त्याचं खोटं नव्हतं. आमच्या वाडीच्या शाळेला कॅमेरा मिळाला होता तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. तो पुण्यात एका वाहिनीत कामाला होता. वाहिनीने कॅमेरे बदलले तेव्हा त्याने त्यांतला एक शाळेसाठी मागून घेतला. खांद्यावर घेतला की मानेला रग लागावी असा दणकट कॅमेरा. पण त्यात कॅसेट नव्हती. चित्र उतरायचं ते काड्यापेटीहून जरा लांब अशा एका चपट्या धातूच्या कार्डावर, आणि ती कार्डं वाहिनीने आपल्याकडेच ठेवून घेतली होती. आम्हाला लेखणी मिळाली होती, कागद नव्हता. आणि तसं एक नवं कार्ड घ्यायचं तर माझा अर्धा पगार जात होता.

स्वस्तातले उपाय करून झाले होते. लातूरहून आम्ही एक खोळ आणली होती. तिच्यात साधं, स्वस्तातलं कार्ड बसायचं आणि कॅमेऱ्याला ते आपलंच वाटायचं. पण कॅमेरा ज्या वेगाने चित्र पाठवायचा त्या वेगाने ते बिचारं लिहून घेऊ शकत नव्हतं. दर दोन मिनिटांनी सगळं थांबायचं, आणि मुलं 'आता हलू का, बाई?' असं ओठ न हलवता विचारत उभी राहायची.

मग कुणीतरी अंबाजोगाईच्या संदिपान ढवळेचं नाव सांगितलं. लग्नाचे व्हिडिओ काढणारा. त्याच्याकडे अगदी तसलाच कॅमेरा होता, आणि आता त्याला तो नको होता. सगळे जण हातात मावणारे छोटे कॅमेरे घेऊ लागले होते.

"चालतात ना पण नीट?" मी विचारलं.

"बाई, ह्या दोन कार्डांवर मी निम्म्या तालुक्याची लग्नं लावलीत."

"लग्नं भटजी लावतो," मुंजाजी सर म्हणाले.

"भटजीनं लावलेलं एकदाच होतं, सर. मी लावलेलं लोक वरचेवर बघतात."

मुंजाजी सर आमच्या शाळेतले सगळ्यात तरुण शिक्षक. संगणकाचं काही असलं की मी त्यांना पुढे करायची. ते म्हणाले, "असल्या कार्डांत फसवाफसवी असते. वर छापलेलं असतं मोठं, आत जागा असते चिमूटभर. आधी दाखव."

संदिपानने दोन्ही कार्डं आपल्या संगणकाला लावली. पडद्यावर बारीक बारीक चित्रांच्या रांगा आल्या. त्याने त्या सगळ्या एकदम निवडल्या आणि बोट आपटून पुसून टाकल्या. "घ्या. कोरी करकरीत. आता ह्याच्यावर तुम्ही तुमच्या लेकरांची लग्नं लावा."

त्याला आमच्या चित्रपटाबद्दल मीच सांगितलं होतं. चित्रपट कसला, मुलांनी रचलेली पंधरा मिनिटांची भातुकली. बाहुला-बाहुलीचं लग्न ठरतं, ऐन मांडवातून बाहुली पळून जाते आणि अख्खं वऱ्हाड तिला शोधत गावभर हिंडतं. बाहुली होती सहावीतली मैना. पापणी न लववता ती एवढा वेळ बसायची की बघणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यावं.

खरं म्हणजे चित्रपट हे निमित्त होतं. मैनाचे आईवडील, भागवत आणि कौसा, ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद व्हायची, मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर जायची आणि पाडव्याला परत यायची, ती पाढे विसरून. मैनाची दोन वर्षं अशीच गेली होती. यंदा मी भागवतकडून शब्द घेतला होता की तो तिला आमच्या शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवील. मैनानेच हट्ट धरला होता. बाहुली तीच होती ना.

पण आठ दिवस झाले, मैना शाळेत नव्हती. कौसाने निरोप पाठवला होता की पोरीला कावीळ झालीय. तिच्या शेजारची मुलंही म्हणाली, "हो बाई, हातपाय पिवळे पडलेत तिचे." मी गूळ-फुटाणे पाठवले, आणि ती बरी होईपर्यंत कार्डाची सोय करून ठेवू म्हणून आम्ही अंबाजोगाईला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही पहिलं कार्ड कॅमेऱ्यात घातलं. कॅमेरा त्याच्या छोट्या पडद्यावर सांगतो की किती मिनिटांची जागा उरली आहे. त्याने सांगितलं, शून्य.

"बघा," मुंजाजी सर म्हणाले. "म्हणलं होतं ना मी? लग्नं लावतो म्हणे."

"अहो, त्याने आपल्या समोर पुसलं."

"तेच तर. कोरं कार्ड आणि जागा शून्य. म्हणजे कार्डच खोटं."

त्यांनी कार्ड आपल्या लॅपटॉपला जोडलं. बराच वेळ खुडबूड केली आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "बाई, फसवलं नाही त्यानं. कार्ड खरं आहे. पण ते भरलेलं आहे."

"पुसलं ना पण?"

"फळा पुसला की अक्षर जातं. इथं तसं नसतं. त्याच्या संगणकानं काय केलंय, नको असलेलं सगळं उचलून ह्याच कार्डावरच्या एका झाकलेल्या टोपलीत टाकलंय. वरून दिसत नाही, पण जागा तर अडवणारच. टोपली रिकामी करायची राहिली."

"मग करा रिकामी."

"करतो. आधी बघू तरी कुणाचं लग्न आहे ते," असं म्हणून त्यांनी सगळ्यात अलीकडचं चित्र उघडलं.

पत्र्याचं घर. दाराला आंब्याचा डहाळा. अंगणात सतरंजी, तिच्यावर टोप्या घातलेली माणसं. कॅमेरा हळूहळू उजवीकडे वळला आणि पाटावर बसलेल्या एका मुलीवर थांबला. तिला हिरवी साडी नेसवली होती. पदर खांद्यावर राहत नव्हता म्हणून पिन लावली होती. एका बाईने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, साखरेचा पुडा हातात दिला.

"ही..." मुंजाजी सर म्हणाले आणि थांबले.

ती मैना होती.

मी पुढे वाकले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर थेट कॅमेऱ्यात. आणि मग ती कॅमेऱ्याकडे बघून हसली. मला ते हसू अजिबात कळेना. मी चौतीस वर्षं मुलांचे चेहरे वाचत आले होते. भ्यालेलं मूल, खोटं बोलणारं मूल, उपाशी मूल, सगळी ओळखू येतात. हा चेहरा यांपैकी कुणाचाच नव्हता.

पुढे पंचवीस-तीस वर्षांच्या एका माणसाला तिच्या शेजारी आणून बसवलं. पांढरा शर्ट, नवीन घड्याळ. मग कुणीतरी पेढे वाटायला लागलं आणि चित्र मध्येच तुटलं.

मुंजाजी सरांनी ते मागे नेऊन पुन्हा लावलं. मग ते म्हणाले, "साखरपुडा आहे, बाई. लग्न नाही. हार नाहीत, अक्षता नाहीत. बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं."

"म्हणजे अजून वेळ आहे."

त्या एका वाक्याला धरून मी उठले. "गाडी काढा," मी म्हणाले.

भागवतचं घर वाडीच्या टोकाला होतं. तेच पत्र्याचं घर, तेच दार. आंब्याची पानं वाळून गेली होती. भागवत बाजेवर बसला होता. मला बघून तो उठला, पायाला हात लावून नमस्कार केला. कौसा पदर सावरत बाहेर आली.

"मैना कुठाय?" मी विचारलं.

"निजलीय आत," कौसा म्हणाली. "लई अशक्तपणा हाय. उठवू नका लेकराला."

दारातून मला गोधडीचा ढीग दिसला, आणि त्यातून बाहेर आलेलं एक पाऊल. पिवळं.

मी आडपडदा ठेवला नाही. "भागवत, मैनाचा साखरपुडा केलास?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भागवत म्हणाला, "तुमाला कुणी सांगितलं, बाई?"

"ते राहू दे. केलास का?"

"केला," तो म्हणाला. "आमच्या टोळीच्या मुकादमाचा भाचा हाय. घरचं चांगलं हाय. त्यांचंच मानपान, त्यांचाच कॅमेरा."

"अरे, ती बारा वर्षांची आहे."

"मला म्हायती हाय की ती किती वर्साची हाय. माझीच हाय ती." तो रागाने बोलला नाही. जमिनीकडे बघत बोलला. "बाई, सहा महिने आम्ही कारखान्यावर. पाचटाच्या कोपीला दार नसतं. रात्री दोन वाजता टोळी उठती, आम्ही दोघं फडात जातो, पोर कोपीत एकली. आजपर्यंत लहान व्हती. आता नदर जाती लोकांची तिच्यावर. तुमीच सांगा, काय करू?"

"वसतिगृहात ठेव. तू शब्द दिला होतास."

"शब्द दिलाय तर ठिवीन," भागवत म्हणाला. "साखरपुड्याचं काय, नुसती सुपारी फोडलीय. अठरा झाल्याबिगर पुढचं न्हाई. बरी झाली की शाळंत धाडतो."

"खरं?"

"तुमच्या शब्दाच्या भाईर हाय का मी?"

कौसाने चहा केला. आम्ही तो घेतला. परत येताना मुंजाजी सर गाडी चालवता चालवता म्हणाले, "बाई, खरं सांगू? ढवळ्याला एक हार घालू आपण. त्याचा आळस देवासारखा पावला." आणि मीही हसले.

दुसऱ्या कार्डाची टोपली रिकामी करायची होती. सकाळी परिपाठ झाल्यावर मुंजाजी सर ते काम करायला बसले. मी चौथीच्या वर्गावर होते. थोड्या वेळाने ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. तसेच. मुलं त्यांच्याकडे बघायला लागली तेव्हा मी मुलांना कविता लिहायला सांगून बाहेर आले.

"बाई," ते म्हणाले, "ह्या कॅमेऱ्यात दोन कार्डं एकदम बसतात. एक भरलं की चित्र न थांबता दुसऱ्यावर जातं. काल मला सुचलंच नाही. पेढे वाटताना तुटलं ते संपलं नव्हतं. कार्ड भरलं होतं."

ऑफिसात कुणी नव्हतं. त्यांनी चित्र सुरू केलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

पेढे वाटून झाले. मग टोपीवाला एक जाडजूड माणूस उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "पाव्हणं, सगळे जमलेतच. आता परत कवा मांडव घालायचा, परत कवा जेवणं घालायची? उरकून टाकू." कुणीतरी "बरोबर" म्हणालं. भागवत काहीतरी बोलू लागला होता, त्याचा हात त्या माणसाने हातात धरला. मग चित्र तुटून पुन्हा सुरू झालं तेव्हा मैनाचे गाल, हात, पाय हळदीने माखले होते.

कावीळ. गूळ-फुटाणे पाठवले होते मी.

दोन माणसांनी एक शाल उलगडली आणि दोघांच्या मध्ये आडवी धरली. आमच्याकडे साखरपुड्यातच लग्न लावायची रीत आहे, खर्च वाचतो म्हणून लोक तिचं कौतुकही करतात. मी अशी कितीतरी लग्नं जेवले होते. आणि तरीही काल साखरपुडा बघून मी सुटकेचा श्वास सोडला होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता उडाल्या, शाल खाली गेली. मैनाने टाचा उंच करून त्या माणसाच्या गळ्यात हार घातला. हार त्याच्या एका कानाला अडकला. बायका हसल्या.

मैनाने जीभ चावली. मग ती वळून सरळ कॅमेऱ्यात बघत म्हणाली, "चुकलं. परत करायचं का?"

मुंजाजी सरांचे खांदे हलले. त्यांनी ते आधी ऐकलेलं होतं, तरी हलले.

मी चित्र मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. आमच्या तालमीत बाहुलीने बाहुल्याला हार घालायचा प्रसंग होता, आणि तो हार नेमका कानाला अडकायचा. मग मैना माझ्याकडे वळून हेच विचारायची. ह्याच आवाजात. तिच्या चेहऱ्यावरचं जे मला काल वाचता आलं नव्हतं ते आता आलं. ती काम करत होती. मी शिकवलं होतं तसं, पापणी न लववता.

तिला काहीच कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या मुलीने लग्नं बघितलेली असतात. पण समोर आमच्यासारखाच मोठा कॅमेरा होता, आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की हे खेळातलं आहे. तिने त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं असेल. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

या वेळी आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो. भागवत अंगणात कोयत्याला धार लावत होता. मी लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि म्हणाले, "बस इथं. हे बघ."

शाल उलगडलेली दिसली तसा त्याने हात कपाळाला लावला. "मुकादमानं धरलं, बाई. बसल्या बैठकीत ठरलं. न्हाई म्हणलो असतो तर टोळीत कोण घेतं मला? तुमाला खोटं बोललो, जोड्यानं मारा. पण झालंय ते झालंय."

"मी त्यासाठी नाही आले. पुढचं ऐक."

हार कानाला अडकला. बायका हसल्या. "चुकलं. परत करायचं का?"

भागवतने मान वर केली. "काय म्हणली?"

मुंजाजी सरांनी आवाज वाढवून परत लावलं.

"काय परत करायचं?" भागवतने माझ्याकडे बघत विचारलं. मग त्याच्या आवाजात काहीतरी बदललं. "कौसे, काय म्हणती ही?"

कौसा चुलीपाशी बसली होती. ती वळली नाही. "रडत व्हती," ती म्हणाली. "हळद लावूच दिना. मान्सं भाईर बसलेली. मुकादमीण म्हणती, आवर पोरीला. मग म्हणलं, बाईंचं शूटिंग हाय. बाईंनीच धाडलाय कॅमेरा. बाहुलीचं लगीन हाय, नीट कर, न्हाई तर दुसऱ्या पोरीला घेत्याल." तिने चुलीत लाकूड पुढे सारलं. "लगीच गप झाली. हसत हसत बसली."

भागवतने हातातला कोयता खाली ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल.

आतून मैना आली. लॅपटॉपवरचा स्वतःचा आवाज तिने ऐकला असावा. झग्यावर तिने थोरल्या माणसाचा सदरा घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. ती बाजेपाशी येऊन पडद्याकडे बघत राहिली.

"मी हाय," ती म्हणाली. "बाई, बरं झालंय का?"

मी सरकून तिला बाजेवर जागा करून दिली.

"हार चुकला," ती म्हणाली. "तो कॅमेरावाला म्हणाला, असू दे, छान दिसतंय. तुम्ही असता तर परत घेतलं असतंत. बाई, तुम्ही का न्हाई आल्या त्या दिवशी?"

"मला कुणी बोलावलं नाही, बाळ."

तिला ते विचित्र वाटलं असावं. तिने आईकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "आई म्हणली, शूटिंग पुरं होईस्तोवर घरातच राह्याचं, कुणाला सांगायचं न्हाई. आता राह्यलंय कुठं? सासरी जायचं तेवढंच राह्यलंय. ते दसऱ्याला करायचंय ना?"

मुंजाजी सरांनी लॅपटॉपचं झाकण लावलं.

"ते न्हाई करायचं," भागवत म्हणाला.

"कामून?"

तो उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि मुंजाजी सरांना म्हणाला, "सर, मला मुकादमाच्या घरी सोडता का?"

पुढे तक्रार झाली, समितीपुढे जबाब झाले, कोर्ट झालं. मुकादमाने त्या वर्षी भागवतला टोळीत घेतलं नाही, त्यामुळे त्याला पार कर्नाटकात तोडीला जावं लागलं. कागदावर ते लग्न मोडायला दोन वर्षं लागली. पण मी ते मोडताना बघितलं ते त्याच दिवशी, त्या अंगणात.

भागवत आणि सर गेल्यावर कौसा चुलीपासून उठली. तिने मैनाला जवळ बोलावलं आणि तिच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं. आत काळी पोत होती, दोन वाट्यांची.

"हे कामून काढती?" मैनाने विचारलं.

"शूटिंगचं सामान हाय," कौसा म्हणाली. "ज्याचं त्याला परत द्यावं लागतं."

मैनाला ते पटलं. तिने केस एका हाताने वर धरले आणि मान वाकवून उभी राहिली. दोऱ्याची गाठ घट्ट बसली होती. कौसाची नखं पुन्हा पुन्हा घसरत होती. तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा गाठ धरली, पुन्हा सुटली.

"दातानं तोड की, आई," मैना म्हणाली.

कौसाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग ती लेकीच्या मानेवर वाकली आणि दोरा तिने दातांत धरला.